लूनेनच्या लिंबाची साल

पडद्यावर एक नाडी ठकठकत होती. मिनिटाला एकशे बारा. यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे ही नाडी हेन्ड्रिक व्हान लूनेन नावाच्या डच चित्रकाराची, म्हणजे तीनशे ऐंशी वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाची. आणि चारूबाई वालावलकरांना पक्कं ठाऊक होतं की ज्याची ही नाडी, ते माणूस अजून वारलेलंच नाही. ते इथंच, वेंगुर्ल्याच्या बंदरावरच्या टेकडीवर, प्रयोगशाळेतल्या फिरत्या खुर्चीत बसलंय, त्याचा डावा गुडघा दुखतोय आणि त्याच्या पर्समध्ये आवळासुपारीची डबी आहे.

"ऐकताय ना मॅडम? काय धडधडतंय बघा!" डॉ. ओजस्विनी केंकरे म्हणाली. हस्तनाडी यंत्र तिनं बनवलेलं. बत्तीस वर्षांची पोर, पण यंत्राबद्दल बोलायला लागली की दहा वर्षांची व्हायची.

"मला ते परत पहिल्यापासून सांग," चारूबाई म्हणाल्या. आजवर त्यांनी हे अकरा वेळा ऐकलं होतं. दर वेळी वाटायचं, आज तरी या पोरीच्या शास्त्रात कुठेतरी भोक सापडेल. सापडत नव्हतं.

"माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. सेकंदाला साधारण दहा वेळा तो बारीक थरथरतो. तुमचा, माझा, सगळ्यांचा. ते झालं आपलं घड्याळ. आणि हृदयाचा ठोका पडला की हात त्याहून जरा मोठा हलतो. कुंचल्यात जाड रंग असेल तर दोन्ही रंगात उमटतात. ओहोटीनंतर वाळूवर वळ्या राहतात ना, तशा. दोन मोठ्या वळ्यांमध्ये बारीक वळ्या किती ते मोजायचं, की नाडी मिळाली."

"आणि माणूस कोण, ते?"

"थरथरीचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो. त्याला मी कंपछाप म्हणते. वयानं ती जाड होते, पण बदलत नाही. म्हातारपणी आवाज बसला तरी फोनवर कळतंच ना, कोण बोलतंय ते?"

"कळतं बाई, कळतं," चारूबाई म्हणाल्या आणि सुपारीचा तुकडा तोंडात टाकला.

"रेम्ब्रांट म्हणजे तर पर्वणी! बाहीवर एवढा जाड रंग चढवायचा, वर कुंचल्याच्या उलट्या टोकानं ओरखडे. व्हिन्सेंटचा रंग तर कॅनव्हासवर उभाच राहिलेला. तिशियन म्हातारपणी बोटांनीच रंग सारखा करायचा म्हणतात. पण तो व्हर्मीर! इतका गुळगुळीत, की हाताचा मागमूस नाही. पस्तीसेक चित्रं ठेवून गेला आणि एक ठोका ऐकू देत नाही, लबाड."

"शहाणा माणूस," चारूबाई मनापासून म्हणाल्या.

समोर काचेआड ते चित्र होतं. 'लिंबू सोलणारी मुलगी'. हॉलंडमधल्या एका छोट्या गावच्या संग्रहालयातून कालच आलेलं. मुलीच्या हातात सुरी, सुरीखाली लिंबू आणि लिंबाची पिवळी साल वळत वळत टेबलाखाली लोंबतेय. सालीच्या टोकाला एक बारीकसा आकडा, गळाला असतो तसा. सारं जग त्या आकड्यावर फिदा होतं.

आता या आकड्यानं काय काय केलं ते ऐका. तीन वर्षांपूर्वी हॉलंडला नेलेलं ओजस्विनीचं यंत्र पहिल्यांदा या चित्रावर फिरलं तेव्हा त्यात दोन हात सापडले. मुलीचा झगा, भिंत, टेबल एका हातचं. उजवा अंगठा आणि लिंबाची साल दुसऱ्या हातची. मुलीचा चेहरा पातळ रंगाचा, तो काही बोलेना. मग ओजस्विनीनं विचार केला, आणि विचारात तशी काही चूक नव्हती. रुबेन्ससारख्या बड्या चित्रकारांच्या कारखान्यात कपडे, झाडं, आभाळ शिष्य रंगवायचे आणि हात-चेहऱ्यासारखं नाजूक काम गुरू स्वतः करायचा. म्हणजे अंगठा आणि साल खुद्द लूनेनची, बाकी शिष्यांचं. त्याची म्हणून लावलेली बाकी नऊ चित्रं तपासली. एकातही तो अंगठ्यावाला हात नाही. नऊच्या नऊ चित्रांखालच्या पाट्या बदलल्या. 'लूनेन'च्या जागी 'लूनेनचा शिष्य'.

पुढचा प्रश्न आकड्याचा. असा आकडा सबंध युरोपात कुणी काढत नाही. काढतात कुठे, तर सावंतवाडीला, गंजिफाच्या पत्त्यांवर. तिथला चितारी एका श्वासात रेघ ओढतो आणि शेवटी मनगट जरासं उचलून वळवतो, की आकडा पडलाच. लूनेनच्या आयुष्यातली तीन वर्षं कागदपत्रांत कुठेच नाहीत, आणि त्याच काळात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. झालं! लूनेन गलबतात बसून वेंगुर्ल्याला आला, गंजिफा शिकला. आणि एकशे बाराची नाडी? लिंबू सोलणारी मुलगी रंगवताना एवढी धडधड? ओजस्विनीच्या पुस्तकाचं सातवं प्रकरण म्हणतं, तिथं तो प्रेमात पडला.

मग काय विचारता. बंदरावर लूनेन चौक झाला. बेकरीत लूनेन बिस्कीट आलं, तेही आकड्याच्या आकाराचं. उभादांड्याच्या एका घराण्यानं जाहीर केलं की ती मुलगी आमच्याच खापरपणजीची खापरपणजी, पुरावा म्हणून घारे डोळे बघून घ्या. त्याच आठवड्यात शिरोड्याच्या दोन घराण्यांनीही डोळे दाखवले.

आणि चारूबाई? ही प्रयोगशाळा ज्या चित्रसंशोधन केंद्राची, त्या केंद्राच्या त्या मानद सल्लागार होत्या. साऱ्या देशात जुन्या तैलचित्रांच्या दुरुस्तीत त्यांच्या शब्दाच्या पुढे शब्द नव्हता. त्यातून हे चित्र एकतीस वर्षांपूर्वी त्यांनीच साफ केलेलं.

साफ केलेलं.

तेहतीस वर्षांच्या होत्या तेव्हा. शिष्यवृत्तीवर हॉलंडला गेलेल्या. सावंतवाडीच्या चितार आळीत वडिलांजवळ बसून गंजिफा रंगवलेला हात, त्यावर भाळून संग्रहालयानं घेतलेलं. तिथं जुन्या चित्रावरची धूळ कशी काढतात, माहितीय? थुंकीनं. हसू नका, अजूनही काढतात. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा. थुंकीसारखं सौम्य दुसरं काही नाही. फक्त वरिष्ठ बाईंनी बजावलं होतं, काम असेल त्या दिवशी आंबट खायचं नाही.

त्या दिवशी दुपारी चारूबाईंना घरच्या लोणच्याचं पार्सल आलं. लिंबाचं, आईच्या हातचं. पावाला लावून तीन फोडी खाल्ल्या. मग कापूस ओला केला, मुलीच्या अंगठ्यावर फिरवला आणि अंगठा गेला. अंगठा गेला, साल गेली, खाली पांढरं फटक दिसायला लागलं.

वरिष्ठ बाई शेजारच्या खोलीत फोनवर. चारूबाईंच्या डोळ्यांसमोर सगळं येऊन गेलं. परतीचं विमान, बाबांचा चेहरा, 'आपली चारू परदेशात' अशी बातमी आलेला अंक जपून ठेवणारी आळी. सांगायला तोंड उघडलंही असतं, पण तोंडाला लोणच्याचा वास.

त्यांनी दार लावून घेतलं. नियम असा, की दुरुस्ती जवळून ओळखू यावी. बारीक उभ्या रेघांनी करायची, म्हणजे बघणाऱ्याची फसवणूक होत नाही. चारूबाईंनी रेघा काढल्या नाहीत. एकुलत्या एका जुन्या धूसर फोटोवरून अंगठा रंगवला, साल रंगवली. एका केसाच्या कुंचल्यानं जुन्या रंगाला पडतात तशा भेगा काढल्या. वरून जुनंच व्हार्निश फासलं, म्हणजे नवा रंग पकडणाऱ्या जांभळ्या दिव्याखालीही चोरी दिसू नये. सगळं चार दिवसांत, दारामागे पाऊल वाजलं की दचकत. आणि शेवटी मनगट आपसूक वळलं, जसं बाबांनी शिकवलं होतं तसं.

पुसलेल्या रंगाचे कापूस टाकायला त्यांचं मन झालं नाही. एका थोर माणसाच्या हातचा अंगठा होता तो. लोणच्याची बरणी रिकामी करून तिच्यात त्यांनी कापूस भरले आणि बरणी आजतागायत कपाटात ठेवली. एकतीस वर्षांत लिंबाच्या लोणच्याला त्या शिवल्या नाहीत.

इथवर पाप त्यांचं त्यांच्यापाशी होतं. पण मग यतीन आला मध्ये.

यतीन आरोंदेकर, त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, केंद्राच्या दुरुस्ती विभागाचा प्रमुख. ओजस्विनीच्या शोधानंतर त्यानं एकानं लिहून दिलं : "अंगठा आणि साल नंतरची आहे. भेगा पडलेल्या नाहीत, काढलेल्या आहेत." बरोबर ओळखलं कार्ट्यानं. भेगा ओळखायला त्याला शिकवलं होतं कुणी?

समिती बसली. चारूबाईंना विचारलं, तुम्ही या जागी रंग लावला होता का?

"मी फक्त धूळ पुसली."

चार शब्द होते ते. यतीननं टेबलापलीकडून बघितलं होतं. रागानं नाही. शिकवताना फळ्यावर बाईंचा आकडा चुकला की मुलं बघतात, तसं. महिन्याभरात त्याला काढलं. हेवा, बेजबाबदारपणा, काय काय लिहिलं. तेव्हापासून कुठल्याही संग्रहालयानं त्याला दारात उभं केलं नव्हतं. सावंतवाडीला एका दुकानात तो लाकडी फळं रंगवतो, एवढं चारूबाईंच्या कानावर होतं. कोणती फळं, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

"आता गंमत दाखवते," ओजस्विनी म्हणाली आणि एक काळी काच पुढे सरकवली. "उद्याच्या प्रदर्शनासाठी केलंय. या लेखणीनं काचेवर एक रेघ ओढायची, की यंत्र सांगतं तुमचा हात कुठल्या चित्रकाराच्या जवळ जातो. माझा बघा, रुबेन्स चार टक्के. आमच्या शिपायाचा रेम्ब्रांट सहा टक्के, सकाळपासून कुणाचं ऐकत नाहीये. दहाच्या वर अजून कुणी गेलं नाही. आणि उद्या सगळ्यांसमोर पहिली रेघ तुमची!"

चारूबाईंच्या तोंडातली सुपारी तोंडातच राहिली.

"माझं मनगट दुखतंय गं."

"डाव्या हातानं ओढा की."

डावा! चारूबाईंनी क्षणभर खरंच विचार केला. डावा हात वेगळा, छाप वेगळी, सुटले. मग त्यांची नजर पडद्यावर गेली. एकशे बारा, एकशे बारा, एकशे बारा. बापरे, त्यांना वाटलं, ही बाई एकतीस वर्षं धावतेय. बसू द्या तिला आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता हॉल भरला. घाऱ्या डोळ्यांची तिन्ही घराणी पहिल्या रांगेत, एकमेकांकडे पाठ करून. चारूबाईंनी पर्समधून एक बरणी काढून टेबलावर ठेवली, पदर खोचला, उजव्या हातात लेखणी घेतली आणि लिंबाची साल काढली. एका श्वासात. शेवटी मनगट वळलं.

यंत्र थोडं थांबलं. मग पडद्यावर अक्षरं आली. हेन्ड्रिक व्हान लूनेन, शंभर टक्के.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी ओरडलं, "पुनर्जन्म!" शिरोड्याची एक आजी तर हात जोडून उभी राहिली.

"बसा हो," चारूबाई म्हणाल्या. "पुनर्जन्म नाही न् काही नाही. लूनेन वेंगुर्ल्याला आला नव्हता, मी हॉलंडला गेले होते."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. थुंकी, लोणचं, चार दिवस, भेगा, समितीपुढचे चार शब्द. ओजस्विनी आधी लाल झाली, मग पांढरी. शेवटी ती एवढंच म्हणाली, "म्हणजे सातवं प्रकरण..."

"प्रेमाचं नव्हतं गं. भीतीचं होतं. तुझं यंत्र खरं बोललं. कशामुळे धडधडलं ते त्याला तरी काय ठाऊक."

"आणि ती नऊ चित्रं त्याचीच!" ओजस्विनीनं कपाळावर हात मारला. "आणि आरोंदेकर..."

"त्याच्याकडेच निघालेय," चारूबाई म्हणाल्या आणि बरणी उचलली.

चितार आळीत दुकानांपुढे लाकडी केळी, आंबे, सीताफळं लटकत होती. यतीन मागच्या बाजूला चटईवर बसला होता. केस बरेच पांढरे झालेले. मांडीशी टोपली, टोपलीत लिंबं. लाकडी, पिवळीधमक.

चारूबाई उंबऱ्यातच थबकल्या.

"या, बाई," तो म्हणाला. उठला मात्र नाही. "गुडघा कसा आहे?"

"यतीन, मी आज सगळ्यांसमोर सांगितलं. तू बरोबर होतास."

"मला माहीत होतं मी बरोबर होतो." त्यानं कुंचला रंगात बुडवला. "तुम्हालाही माहीत होतं. बाकीच्यांना आज कळलं, एवढंच."

चारूबाई चटईच्या कडेला बसल्या. बरणी पुढे ठेवली आणि लोणच्यापासून सुरुवात केली. तो रंगवता रंगवता ऐकत होता. अर्ध्यावर त्याचा हात थांबला.

"थांबा. कशानं पुसलंत म्हणालात?"

"थुंकीनं. तोंडात लिंबाचं लोणचं होतं, त्याच्या आंबटानं..."

"बाई, पहिल्या वर्षाला पहिल्या आठवड्यात तुम्ही काय शिकवता?"

"काय?"

"तुमच्याच शब्दांत सांगतो. 'शंभर वर्षं वाळलेला तेलरंग म्हणजे दगड. त्यावर थुंका, रडा, लिंबू पिळा, तो ढिम्म हलत नाही.' आम्ही हसायचो. मग थुंकीनं निघतो तो कोणता रंग?"

चारूबाईंच्या ओठांवर उत्तर आपोआप आलं, शाळेतल्या पाढ्यासारखं. "डिंकात कालवलेला. पाण्याचा. नंतर कुणीतरी लावलेला."

"आणि पुसल्यावर खाली काय दिसलं?"

"पांढरं."

"लूनेन चित्राखाली अस्तर कुठल्या रंगाचं द्यायचा?"

"तपकिरी," चारूबाई म्हणाल्या. "नेहमी तपकिरी."

"मग ते पांढरं म्हणजे लांबी होती. भोक बुजवलेलं. तुमच्या आधी कुणीतरी तिथं चित्र फोडलं, लांबी भरली, वर डिंकाच्या रंगानं अंगठा काढला आणि गप्प बसलं. तुम्ही लूनेनचं काहीच पुसलं नाहीत, बाई. त्या चोराची चोरी पुसलीत. लावा ओजस्विनीला फोन. लांबी भरायला अंगठ्यानं दाबावं लागतं. तुमचा हात कोणता ते यंत्राला आता कळलंय. तो वजा करून खालचा दाब वाचायला सांगा."

फोन लावला. पलीकडे बराच वेळ नुसती यंत्राची घरघर. मग ओजस्विनीचा आवाज आला, घाबराघुबरा. "मॅडम, खाली खरंच तिसरा हात आहे. लूनेनचा नाही, तुमचा नाही. आणि नाडी... एकशे अठरा."

यतीन हसला. चारूबाईंनाही हसू फुटलं, तोंडाला पदर लावावा लागला. एकशे अठरा! म्हणजे गड्या, तू माझ्याहून भित्रा! एकतीस वर्षं त्या ज्या बरणीपुढे मनातल्या मनात नाक घासत होत्या, त्यात कुणा घाबरट माणसाचा डिंक होता.

मग हसू ओसरलं. कारण यतीन हसायचा थांबला होता.

"त्याच दिवशी शेजारच्या खोलीत जाऊन सांगितलं असतंत," तो म्हणाला, "तर त्या बाईंनी अर्ध्या मिनिटात ओळखलं असतं. शाबासकीही दिली असती. तुमच्या हातून काही घडलंच नव्हतं, बाई."

"नव्हतं," चारूबाई म्हणाल्या.

"समितीत विचारलं तेव्हाही लपवण्यासारखं काही नव्हतं."

चारूबाईंनी बरणी स्वतःकडे ओढून घेतली. इतकी वर्षं एका गुन्ह्यावर त्यांनी पांघरूण घातलं आणि पांघरुणाखाली तो कधी नव्हताच. जो गुन्हा होता तो समोर मांडी घालून लिंबं रंगवत होता.

"तुला परत बोलावतील," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी लिहून देते. सगळीकडे देते."

"द्या." त्यानं टोपलीतलं एक कोरं लिंबू आणि एक कुंचला त्यांच्यापुढे ठेवला. "तोवर बसलाच आहात तर हात चालवा. बारा राहिलीत."

चारूबाईंनी चष्मा पुसला. पिवळ्या तेलरंगाचा हात दिला, देठाजवळ हिरव्याची एक रेघ ओढली आणि मनगट वळलं. रेघेच्या शेवटी आकडा पडला. एवढासा, गळाला असतो तसा.

यतीननं लिंबू त्यांच्या हातातून घेतलं, उजेडात धरलं आणि अंगठा फिरवून तो आकडा पुसून टाकला.

"ओला आहे तोवर निघतो, बाई," तो म्हणाला आणि अंगठा फडक्याला पुसला. "तीन वर्षांनी नाही निघत."

चारूबाईंनी मान हलवली. टोपलीतून दुसरं लिंबू घेतलं आणि या वेळी रेघ जिथं संपते तिथंच कुंचला उचलला.